मेलेला गडी पुन्हा उठतो

दिवसभर रानात राबलेला माणूस संध्याकाळी हुतूतू खेळून आणखी का दमतो? उत्तर खेळाच्या इतिहासातच आहे.

पूर्वी हा खेळ गावोगाव निरनिराळ्या नियमांनी चाले. कुठे मेलेला गडी डाव संपेपर्यंत बाहेर बसे. ‘अमर’ प्रकारात तो बाहेर जातच नसे. प्रतिपक्षाला गुण मिळे, एवढेच. ‘संजीवनी’त मात्र आपल्या गड्याने समोरचा मारला, की आपला मेलेला गडी उठे.

१९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हा खेळ बर्लिनला दाखविला. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत त्याला पदक मिळू लागले. आजच्या कबड्डीत संजीवनीचाच नियम आहे.

मला त्यातच खेळाडूच्या समाधानाचे मर्म दिसते. मरणच नसेल तर खेळाला चव नाही, आणि नुसते बसून राहण्यात कसला आनंद? सोबत्याच्या दमावर आपण पुन्हा उठतो, हे सुख ढालीत नाही. तेव्हा गुरुजी, शाळेत खेळ घेताना एवढे पाहा : आज कोणता पोर कडेलाच बसून राहिला?