सालेंतो
सालेंतो : इटलीच्या आग्नेयीस, पूल्या प्रांताचा दक्षिण भाग असलेले द्वीपकल्प. पूर्वेस एड्रिअ‍ॅटिक व पश्चिमेस आयोनियन समुद्र. पूर्वकिनारा बहुतांशी कड्यांचा व सागरी गुहांचा, तर पश्चिमेस वाळूच्या विस्तीर्ण पुळणी आढळतात. उत्तरेचा वारा सुटला म्हणजे पूर्वकिनारा खवळतो आणि स्थानिक लोक स्नानासाठी पश्चिमेचा रस्ता धरतात, ही रीत प्रवाशानेही पाळावी.

ओत्रांतो या तटबंदीच्या बंदरावर 1480 मध्ये उस्मानी आरमाराने कबजा केला आणि सुमारे आठशे नागरिकांचा शिरच्छेद झाला. सुलतानाचा अंमल वर्षभरच टिकला, परंतु त्या हुतात्म्यांच्या अस्थी तेथील प्रधान चर्चमध्ये काचेआड आजही दिसतात. त्याच चर्चची जमीन पांतालेओने नावाच्या मठवासी साधूच्या देखरेखीखाली (1163–65) रंगीत खड्यांनी मढविलेली असून, तीत दोन हत्तींच्या पाठीवर उभ्या राहिलेल्या महावृक्षाच्या शाखांतून नोहा, सिकंदर व आर्थर राजा एकाच पंक्तीला यावेत, ही कल्पनेची मनसोक्त मुशाफिरी सबंध सालेंतोत अद्वितीय होय.

लेच्चे शहरातील मऊ, मधुवर्णी चुनखडकामुळे कारागिरांना बरोक शैलीची अतिरेकी नक्षी साधली. सांता क्रोचे चर्चचा दर्शनी भाग पाहताना डोळा क्वचित थकतोही. गाल्लीपोलीचे जुने शहर पुलाने जोडलेल्या बेटावर आहे. तेथील भूमिगत घाण्यांत निघणारे ऑलिव्ह तेल एकेकाळी युरोपीय शहरांच्या दिव्यांसाठी निर्यात होई. जुलै-ऑगस्टमध्ये सालेंतोत अतोनात गर्दी असते. सप्टेंबर अधिक सोयीचा.