चार आणे पीक

सिडकोचं शहर उभं राहण्याआधी बेलापूरचा पट्टा भातखाचरांचा आणि मिठागरांचा होता. पनवेल-उरणकडे जी खाचरं उरली आहेत, तिथल्या पिकाचा अंदाज आजही खरिपात काढला जातो. संशोधनाला नव्यानं बसणाऱ्यांना ‘नमुना’, ‘यादृच्छिक निवड’, ‘अभिनती’ हे शब्द पुस्तकात भेटतात आणि कोरडे वाटतात. आपल्याकडे मात्र त्यांची वाढ शेताच्या बांधावर झाली, तीही आणेवारीच्या भांडणातून.

पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे, निम्मं म्हणजे आठ. हा आकडा म्हणजे आणेवारी, आणि ती ठरायची नजरेनं. सारा वसूल करणाऱ्याची नजर एक सांगायची, सारा भरणाऱ्याची दुसरं. १९१८ साली मुंबई इलाख्यातल्या खेडा जिल्ह्यात हे टोकाला गेलं. पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षीचा सारा तहकूब करावा, असा नियमच होता. सरकार म्हणे पीक चार आण्यांवर आहे, शेतकरी म्हणत त्याखाली. पुण्याच्या भारत सेवक समाजाचे अमृतलाल ठक्कर चौकशीला गेले, पुढे गांधीजींनी सत्याग्रह केला. इतिहासाच्या पुस्तकात हे राजकारणाच्या प्रकरणात येतं. मला तो मोजमापाचा तंटाही वाटतो. दोन्ही बाजू मानतील अशी मोजण्याची रीतच तेव्हा कोणाकडे नव्हती.

ती रीत घडायला सुरुवात झाली बिहार-ओरिसात, आणि तीही भातावर. जॉन हबक हे सनदी अधिकारी १९२०च्या दशकात शेतातल्या लहान लहान तुकड्यांवरचा भात कापून वजन करू लागले. तुकडा कुठला, हे माणसाच्या मर्जीवर न सोडता दैवावर सोडायचं, हा त्यांचा आग्रह. १९२७ साली त्यांचा अहवाल निघाला. संख्याशास्त्राचे पितामह रोनाल्ड फिशर यांनी या कामाचं ऋण पुढे मोकळेपणानं मान्य केलं.

मर्जी का नको? शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला भात एकाच आधणात शिजलेला असतो. शेत तसं नसतं. बांधालगत एक, पाणथळीत दुसरं, सावलीत तिसरं. प्रामाणिक माणसाचाही पाय भरल्या लोंब्यांकडे वळतो. म्हणून आधी गाव, मग गट नंबर, मग शेतातली जागा अशा तिन्ही पायऱ्यांवर चिठ्ठी काढल्यासारखी निवड करायची. तीच यादृच्छिक निवड.

यानंतरचं नाव आपल्या मुलखातलं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. फर्ग्युसनमधून ते लंडनला गेले, तिथे संख्याशास्त्रज्ञ नेमन आणि इगॉन पिअर्सन यांच्या हाताखाली शिकले आणि परतल्यावर कृषी संशोधन परिषदेत पीक कापणीच्या मागे लागले. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस अगदी छोटे तुकडे कापत होते. काम स्वस्त आणि झटपट व्हायचं. सुखात्म्यांनी मुरादाबादेत गव्हावर ताडून पाहिलं, तर तुकडा जितका लहान तितकं एकरी उत्पन्न फुगलेलं. कारण साधं आहे. रेषेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, अशी शंका आली की कापणारा ते आत धरतो, आणि क्षेत्राच्या मानानं लहान तुकड्याला कड जास्त असते. १९४६ साली त्यांनी हे ‘नेचर’मध्ये मांडलं. दोघा दिग्गजांची यावरून चांगलीच जुंपली.

नवख्या संशोधकानं इथे जरा थांबावं. चुका दोन जातींच्या असतात. एक कधी वर, कधी खाली जाते. तुकडे वाढवले की ती आपोआप आटते. ती नमुन्याची त्रुटी. दुसरी दरवेळी एकाच बाजूला ओढते. ती अभिनती. असे हजार तुकडे कापले तरी ती तेवढीच राहते, उलट चुकीच्या आकड्यावरचा आपला भरवसा तेवढा वाढतो. नमुना मोठा आहे एवढ्यावर खूश होणारे प्रबंध मी बरेच वाचले आहेत. नमुना निवडला कसा, याला त्यांत जेमतेम एक ओळ असते.

आता पुन्हा आणेवारीकडे. १९५७ साली दशमान नाणी आली. आणेवारीची पैसेवारी झाली आणि पन्नास पैशांची रेघ दुष्काळाची खूण ठरली. नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम असे पैसेवारीचे तीन टप्पे असतात. पहिल्याच्या नावात जुनी नजर अजून आहेच. २०१६च्या दुष्काळ संहितेनं पाऊस, उपग्रहावरून दिसणारी हिरवाई, जमिनीतला ओलावा असे निकष पुढे आणले. पण त्याच वर्षी आलेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेनं पीक कापणीला नवं वजन दिलं. मुख्य पिकासाठी गावपातळीवर किमान चार कापणी प्रयोग, आणि त्यांच्या सरासरीवर साऱ्या गावाची भरपाई. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून किती लांब नि किती आत जायचं, हे यादृच्छिक आकडे सांगतात. तिथे चौकट आखली जाते, कापणी, मळणी आणि वजन पंचांसमोर होतं. नोंद आता मोबाइलवर, अक्षांश-रेखांशासकट. तरी रेषेवरचं रोप आत की बाहेर, हे कोयता धरणाराच ठरवतो.