जमीन शत्रू कशी होते?

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. मागे एकदा वर्गात फळ्यावर पाच शब्द लिहिले होते : मालमत्ता, वारस, हक्क, दावा, जप्ती. हे सगळे मूळचे अरबी, पण आज मराठी माणसाचं कोर्टकचेरीचं पान यांच्याशिवाय हलत नाही, एवढंच मला सांगायचं होतं. तेवढ्यात एका मुलाने विचारलं, "सर, पेपरात 'शत्रू मालमत्ता' असं वाचलं. माणूस शत्रू असतो हे कळतं, पण जमीन शत्रू कशी?" मी म्हटलं, वाचून सांगतो. आज इथेच सांगतो.

सुरुवात आमच्या औंधच्या परिसरातूनच करावी लागेल. १० फेब्रुवारी १८१८ रोजी साताऱ्याचा किल्ला इंग्रजांनी घेतला आणि लगेच एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढला. त्यात दोन गोष्टी होत्या. वतनं, इनामं, वर्षासनं चालू राहतील, हे आश्वासन. आणि बाजीरावाच्या चाकरीत असलेल्यांनी दोन महिन्यांत घरी परतावं, नाहीतर जमिनी जातील, ही ताकीद. म्हणजे लढाई चालू असतानाच मित्र कोण आणि शत्रू कोण, याला मुदत घालून दिली गेली.

औंधचे पंतप्रतिनिधी या रेषेच्या सुरक्षित बाजूला राहिले. पेशवाईच्या अखेरच्या काळात बापू गोखल्यांनी त्यांना कैद करून बराच मुलूख काढून घेतला होता. १८२० मध्ये इंग्रजांनी त्यांच्याशी करार केला आणि जहागीर मान्य केली. ती टिकली म्हणून पुढे औंध संस्थान राहिलं. मूळपीठाच्या डोंगरावरचं भवानी संग्रहालय आज आपण मुलांना दाखवतो, तेही त्याच संस्थानच्या राजाने उभं केलेलं.

दुसऱ्या बाजूला होते नारोबा गोविंद औटी, पेशव्यांचे रायगडचे किल्लेदार. किल्ला शर्तींवर इंग्रजांच्या हवाली झाला. त्यानंतर नारोबा पुण्यात राहत असताना कॅप्टन रॉबर्टसन या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना पकडलं आणि पैसा जप्त केला. इंग्रजांचं म्हणणं, हा पैसा पेशव्यांचा, म्हणून तो युद्धातला. नारोबांच्या बाजूचं म्हणणं, हा पैसा खासगी, आणि पुणे तर कित्येक महिने इंग्रजांच्याच ताब्यात शांत होतं. त्यांच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांनी दावा लावला. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण १८३० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. युद्ध पुरतं संपलेलं नव्हतं, ही जप्ती युद्धातलीच, तेव्हा दिवाणी कोर्टाला यात अधिकारच नाही. दाद मागायची तर सरकारकडे मागा, असा त्याचा अर्थ. पैसा कोणाचा, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

आता १९६५. पाकिस्तानशी युद्ध झालं आणि भारत संरक्षण नियमांखाली पाकिस्तानी नागरिकांच्या इथल्या मालमत्ता कस्टोडियनकडे गेल्या. त्याची मुख्य कचेरी मुंबईतच होती. पाकिस्तानने तिकडे हेच केलं. जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारात या मालमत्ता परत करण्याबाबत चर्चा करू, असं दोन्ही देशांनी लिहून दिलं होतं. पण पाकिस्तानने आपल्याकडच्या मालमत्ता १९७१ मध्ये विकून टाकल्या. आपल्याकडे १९६८ मध्ये शत्रू मालमत्ता कायदा आला.

त्यातला सर्वांत गाजलेला खटला महमूदाबादचा. राजे अमीर अहमद खान १९५७ मध्ये पाकिस्तानी नागरिक झाले आणि १९७३ मध्ये लंडनला वारले. मुलगा मात्र भारतातच राहिला, भारतीय नागरिक म्हणून. त्याने हक्क मागितला. वर्षानुवर्षं खटला चालला आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : वारस भारतीय आहे, मालमत्ता त्याला द्या. पुढे २०१० मध्ये एक आणि २०१६ मध्ये एकामागून एक पाच अध्यादेश निघाले आणि २०१७ मध्ये कायदाच बदलला. आता शत्रूचा वारस भारतीय असला तरी तो 'शत्रू'च्या व्याख्येत येतो. या मालमत्तेला वारसाहक्काचा कायदा लागू नाही. दिवाणी कोर्टात दावा नाही. कस्टोडियनच्या नव्हे तर केंद्र सरकारच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील, तेही मुदतीत.

सरकारचं म्हणणंही ऐकायला हवं. युद्धात शत्रूदेशाच्या नागरिकांची मालमत्ता ताब्यात घेणं जगभर चालत आलं आहे, आणि पाकिस्तानने तर ती विकलीसुद्धा. मला ते मान्य आहे. माझा आक्षेप एवढाच आहे की जो देश सोडून गेला त्याचा शिक्का, जो इथेच राहिला त्याच्या कपाळावर मारू नये. राहणं हाही एक निर्णय होता. इथल्या कित्येक मुस्लिम घरांनी तो घेतला, भाऊ कराचीला जात असताना घेतला.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरात जुने फेरफार, सातबारा, वाटणीपत्रं, मृत्यूचे दाखले असतील तर नीट जपून ठेवा. कोण गेलं, कधी गेलं, कोण इथेच राहिलं, हे लिहून ठेवा.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, जमीन शत्रू नसते. कायदा तिला तसं म्हणतो, कारण एके काळी तिचा मालक सरहद्दीपलीकडचा झाला होता. त्याने लगेच विचारलं, "मग त्याचा मुलगा?" मी म्हटलं, यावरच तर अजून भांडण आहे.