मध्ययुगीन कन्येचे ‘न्हाण’ आणि जातिव्यवस्था

मुलीला न्हाण येणे ही निसर्गक्रमातील घटना होय. मध्ययुगीन ब्राह्मणी धर्मशास्त्राने मात्र तिला पापाचा विषय बनविले. आठ वर्षांची गौरी, नऊ वर्षांची रोहिणी, दहा वर्षांची कन्या आणि त्यापुढे रजस्वला, अशी वर्गवारी पराशरस्मृतीत आढळते. अविवाहित मुलगी पित्याच्या घरी रजस्वला झाली, तर माता, पिता व ज्येष्ठ बंधू नरकात जातात, असे भयही ती घालते. चौदाव्या शतकात विजयनगरच्या माधवाचार्यांनी याच स्मृतीवर भाष्य रचले. अशा दंडकामुळे मुलीचे बालपण संपण्यापूर्वीच तिचा विवाह उरकणे हे पित्याचे कर्तव्य ठरले.

या रूढीचे मूळ कशात आहे? ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या प्रबंधात बाबासाहेबांनी त्याचा उलगडा केला. जात म्हणजे बंदिस्त वर्ग. जातीबाहेरील विवाह रोखावयाचा, तर जातीतील स्त्री-पुरुषांची संख्या सम राखावी लागते. विधुराला जातीतच वधू मिळावी म्हणून विवाहयोग्य वयाखालील मुलगी त्याला दिली जाई. सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह ही एकाच व्यवस्थेची तीन साधने होत. ब्राह्मणांच्या या चाली इतर जातींनी अनुकरणाने उचलल्या, हेही त्यांनी दाखविले.

महाराष्ट्रात या विटाळकल्पनेला विरोध झाला. तेराव्या शतकात चक्रधरांनी रजःस्रावाला शरीराच्या अन्य स्रावांसारखाच मानून विटाळ नाकारला. चौदाव्या शतकातील सोयराबाईंनी, विटाळातूनच देह घडतो, तर सोवळा कोण, असा रोकडा प्रश्न केला. अस्पृश्यतेचा विटाळ आणि स्त्रीत्वाचा विटाळ यांचे नाते जाणण्यास तिला ग्रंथाची गरज पडली नाही.

त्याहून कितीतरी आधी, कन्या झाली म्हणून खिन्न झालेल्या प्रसेनजिताला भगवान बुद्धांनी कन्या पुत्राहूनही श्रेष्ठ ठरू शकते, असे सांगितले होते. भिक्खुणी संघात कुमारिकेच्या उपसंपदेसाठी वीस वर्षांचे वय व दोन वर्षांचे शिक्षण आवश्यक होते. स्मृतीने मुलीचे वय विवाहासाठी मोजले. विनयाने ते तिच्या साधनेच्या पात्रतेसाठी मोजले.

कायद्याने १९२९ साली वधूचे किमान वय चौदा व १९७८ साली अठरा केले. तथापि कायदा घराच्या उंबऱ्याआत सहजी शिरत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांचा वारसा सांगणाऱ्या आपल्या घरात न्हाण आलेली मुलगी आजही वेगळी बसविली जात असेल, तर पराशराला आपण अजून घराबाहेर काढलेले नाही, असेच आम्हांस म्हणावे लागेल.