अस्मानी कीं सुलतानी?

कोल्हापुराहून बंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यानें दक्षिणेस निघालें म्हणजे कागलच्या आसपास कारखान्यांचीं लांबच लांब छपरें दिसूं लागतात. कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांच्या सीमेवर पसरलेल्या या औद्योगिक वसाहतीस सरकारदप्तरीं ‘पंचतारांकित’ असें भारदस्त नांव आहे. भोंवतीं ऊंसाचे मळे, मधूनमधून गुऱ्हाळें, आणि मध्यें बीड वितळवून यंत्रांचे भाग ओतणाऱ्या भट्ट्या, असा हा देखावा आहे. शेती आणि कारखाना येथें एकमेकांच्या इतके शेजारी आहेत कीं, एकाच घरांतील थोरला भाऊ ऊंस लावतो व धाकटा भट्टीवर जातो.

अशा ठिकाणीं हवेच्या लहरीपणाविषयीं बोलणें निघालें नाहीं असा दिवस विरळा. आणि बोलणें निघालें कीं दोन पक्ष ठरलेले. एक पक्ष म्हणतो, ‘हें सृष्टीचें चक्र आहे, आजोबांच्या वेळेसहि पूर आले आणि दुष्काळहि पडले.’ दुसरा म्हणतो, ‘हीं फळें मनुष्याच्या करणीचीं आहेत, इतका धूर सोडल्यावर दुसरें काय व्हावयाचें?’ आपल्या जुन्या कागदपत्रांत संकटांना ‘अस्मानी’ व ‘सुलतानी’ अशीं दोन नांवें आढळतात. जें आकाशांतून कोसळलें तें अस्मानी. जें राजानें वा लष्करानें ओढवलें तें सुलतानी. पृथ्वीचा चढलेला ताप यांपैकीं कोणत्या सदरांत घालावयाचा, हा आजचा प्रश्न आहे. तो वाटतो तितका नवा नाहीं. त्याच्या इतिहासाचीं कित्येक पानें आपल्याच देशांत लिहिलीं गेलेलीं आहेत. तीं चाळल्यावांचून या वादांत निवाडा देणें बरें नव्हे.

प्रथम पूर्वपक्षाचें बळ मान्य केलें पाहिजे. कागलच्या भट्ट्या ज्या काळ्या खडकावर उभ्या आहेत तो खडकच सांगतो कीं, मनुष्य जन्मण्यापूर्वीं हवामानानें अनेक कोलांट्या घेतल्या. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमींतून लाव्हारस थरांवर थर वाहिला, आणि त्याबरोबर निघालेल्या वायूंनीं सगळ्या पृथ्वीची हवा ढवळून काढली. सह्याद्रीच्या माथ्यावरील जांभा दगड उष्ण व दमट हवेंत काळा खडक झिजून बनला आहे. मनुष्याच्या स्मरणांतलें पाहूं गेल्यास चौदाव्या शतकाच्या अखेरचा दुर्गादेवीचा दुष्काळ आहे, १६३० पासूनचा शहाजहानच्या काळांतील भयंकर दुष्काळ आहे, आणि १८७६ ते १८७८ चा तर आहेच. यांपैकीं एकाच्याहि वेळीं कागलांत भट्टी नव्हती. तेव्हां ‘सृष्टीचें चक्र’ म्हणणारा मनुष्य अडाणी आहे असें समजणें ही मोठीच चूक होय.

उत्तरपक्षहि आपल्याकडे जुनाच आहे. अलेक्झांडर गिब्सन या नांवाचे एक डॉक्टर दापोडीच्या सरकारी बागेची व्यवस्था पाहात असत; १८४७ सालीं ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. कोंकणांत व घाटांत चाललेली जंगलतोड पाहून, यायोगें झरे आटतील व मुलूख रुक्ष होईल, असा इशारा त्यांनीं सरकारास दिला. म्हणजे मनुष्याच्या हातून हवापाणी बिघडतें हें मत आपल्या प्रांतांत पावणेदोनशें वर्षांपूर्वींच सरकारी कागदावर आलें होतें. गिब्सन यांचें बोट कुऱ्हाडीकडे होतें. धुराकडे अद्याप कोणाचें लक्ष गेलें नव्हतें.

पुढें तीस वर्षांनीं महादुष्काळ पडला आणि पारडें दुसऱ्या बाजूस झुकलें. १८७७ सालीं विल्यम हंटर यांनीं असें प्रतिपादिलें कीं, सूर्यावरील डाग सुमारें अकरा वर्षांनीं वाढतात व कमी होतात. जेव्हां डाग कमी तेव्हां दक्षिणेंत पाऊस कमी. लाखों माणसें अन्नावांचून मरत असतां दुष्काळाचें कारण सूर्यावर सांपडणें राज्यकर्त्यांस किती सोयीचें होतें हें सांगावयास नकोच! धान्याची निर्यात, सारा आणि मदतीचा अपुरेपणा यांविषयींचे प्रश्न त्यामुळें आपोआप मागें पडत. येथें एक गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे. ‘कारण कोणतें?’ हा प्रश्न वरवर शास्त्राचा दिसला, तरी त्याच्या पाठीशीं ‘जबाबदार कोण?’ हा दुसरा प्रश्न दडून बसलेला असतो.

सूर्याच्या डागांचा हा सिद्धान्त पुढें आपल्याच देशांतील वेधशाळाखात्याच्या कामामुळें लंगडा पडला. १८७५ सालीं स्थापन झालेल्या या खात्याचे प्रमुख म्हणून १९०४ मध्यें गिल्बर्ट वॉकर नांवाचे केंब्रिजचे गणिती आले. दोन दशकें त्यांनीं जगांतील ठिकठिकाणच्या हवेच्या दाबाचे, पावसाचे आणि उष्णतेचे आंकडे हिंदी कारकुनांच्या साहाय्यानें एकमेकांशीं ताडून पाहिले. सूर्याच्या डागांचा व आपल्या पावसाचा संबंध फारच दुबळा ठरला. उलट, पॅसिफिक महासागराच्या एका टोकास हवेचा दाब चढला म्हणजे हिंदी महासागराच्या बाजूस तो उतरतो, आणि या हेलकाव्याशीं आपला पाऊस बांधलेला आहे, असें दिसून आलें. पॅसिफिकचें पाणी तापून येणारा ‘एल निनो’ याच हेलकाव्याचा जोडीदार होय, हें पुढें उमगलें. १८७७ सालीं तो अत्यंत प्रबळ होता. तात्पर्य, त्या दुष्काळाची वार्ता सूर्यावरून नव्हे, तर समुद्रावरून आली होती. सृष्टींत चक्रें आहेत ही गोष्ट खरीच. परंतु कोणतें चक्र, किती बळाचें, हें मोजूनच ठरवावें लागतें, हा वॉकर यांच्या खटाटोपाचा धडा आहे.

आतां धुराकडे वळूं. कोळसा जळतांना जो कर्बद्विप्राणिल वायु निघतो, त्यास आपण सोयीकरितां कर्बवायु म्हणूं. हा वायु भूमीपासून वर जाणारी उष्णता अडवतो, हें १८५९ सालीं टिंडॉल यांनीं प्रयोगानें दाखविलें. आणि हवेंतील त्याचें प्रमाण दुप्पट झाल्यास पृथ्वी पांच-सहा अंशांनीं तापेल असा हिशेब १८९६ सालीं स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनीं मांडला. हा आंकडा आजच्या हिशेबाहून बराच चढा असला तरी मार्ग बरोबर होता. मग फेब्रुवारी १९३८ मध्यें लंडनच्या हवामानशास्त्र-मंडळापुढें गाय कॅलेंडर यांनीं एक निबंध वाचला. हे गृहस्थ व्यवसायानें वाफेच्या यंत्रांचे अभियंते. हवामान हा त्यांचा फावल्या वेळचा छंद. पन्नास वर्षांत पृथ्वी किंचित् तापली आहे, आणि त्यास बव्हंशीं मनुष्यानें जाळलेला कोळसा कारण आहे, असें त्यांचें म्हणणें होतें.

त्या सभेंत शंका घेणाऱ्यांमध्यें सर जॉर्ज सिम्प्सन हे ब्रिटिश हवामानखात्याचे प्रमुख होते. सिम्प्सन यांनीं पूर्वीं सिमल्यास वॉकर यांच्या हाताखालीं काम केलेलें होतें. वातावरणाचा व्यवहार कॅलेंडर समजतात तितका सरळ नाहीं, आणि कर्बवायूची व उष्णतेची वाढ एका वेळीं दिसली हा योगायोगहि असूं शकेल, असा त्यांचा आक्षेप होता. ज्यानें मोसमी पावसाचे खेळ पाहिले आहेत त्यानें असें म्हणावें यांत नवल नाहीं. शिवाय पुढील तीस-पस्तीस वर्षें पृथ्वीचा ताप चढण्याचा थांबला, किंबहुना थोडा उतरला. म्हणजे सिम्प्सन यांचा पक्ष कांहीं काळ विजयी दिसत होता. या थांबण्याचें एक मोठें कारण पुढें कळलें तें मौजेचें आहे: कारखान्यांच्या गंधकयुक्त धुरानें सूर्यप्रकाशच अडविला होता!

मग निकाल लागला तो कशानें? येथें आपल्याला कागलकडे परत यावें लागेल, कारण निकालाचें मर्म तेथील दोन धुरांत आहे. गुऱ्हाळाच्या चुलवणांत चिपाड जळतें. त्या चिपाडांतील कर्ब ऊंसानें गेल्या वर्ष-दीड वर्षांतच हवेंतून घेतलेला असतो. जळल्यावर तो हवेला परत मिळतो, आणि पुढला ऊंस तो पुन्हां घेतो. हा हातउसन्याचा व्यवहार झाला. शेजारच्या कुपोला भट्टींत कोक जळतो. त्यांतील कर्ब कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या अरण्यांचा. तो भूगर्भांत पुरलेला होता व चालू व्यवहारांत नव्हताच. आतां, जिवंत वनस्पतींत एक किरणोत्सारी जातीचा कर्ब अल्प प्रमाणांत असतो, व तो हजारों वर्षांत झिजून जातो. म्हणून चिपाडाच्या धुरांत तो सांपडतो, कोकच्या धुरांत सांपडत नाहीं. १९५५ सालीं हान्स स्यूस यांनीं झाडांचें लांकूड तपासून असें दाखविलें कीं, हवेंतील हा ताजा कर्ब जुन्या कर्बाच्या भेसळीनें पातळ होत चालला आहे. चोराच्या पावलांचे ठसे सांपडावे तसें हें झालें. ज्वालामुखींकडेहि बोट दाखवितां येत नाहीं. मनुष्य जितका कर्बवायु सोडतो त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकाहि ते सोडीत नाहींत.

१९५८ पासून हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनीं नित्य मोजणी सुरू केली. तेव्हां हवेच्या दशलक्ष भागांत कर्बवायूचे ३१५ भाग होते. २०२४ मध्यें ते ४२० च्या वर गेले. कारखान्यांच्या युगापूर्वीं ते २८० च्या आसपास होते, आणि अंटार्क्टिकांतील बर्फांत कोंडलेली जुनी हवा तपासतां गेल्या आठ लक्ष वर्षांत ते ३०० च्या फारसे वर कधीं गेल्याचें दिसत नाहीं.

‘पण हिमयुगें आलीं-गेलीं त्याचें काय?’ हा पूर्वपक्षाचा शेवटचा व सर्वांत बळकट प्रश्न. त्याचेंहि उत्तर मिळालें आहे, आणि तें हिंदी महासागराच्या तळच्या गाळांतून मिळालें आहे. पृथ्वीची कक्षा व आंस हजारों वर्षांच्या चक्रांत हळूहळू बदलतात, व त्यावरून हिमयुगें ठरतात, असें गणित सर्बियाच्या मिलांकोविच यांनीं मांडलें होतें. दक्षिण हिंदी महासागरांतील गाळाचे गाभे तपासून १९७६ सालीं तीन शास्त्रज्ञांनीं त्या चक्रांची साक्ष काढली. परंतु या चक्रांचा पल्ला २३ हजार, ४१ हजार, एक लक्ष वर्षांचा. आणि त्यांच्या हिशेबानें सध्यां पृथ्वी अतिशय सावकाश थंड होत जावयास हवी. सूर्य म्हणावा, तर १९७८ पासून उपग्रहांनीं केलेल्या मोजणींत त्याचें तेज वाढत गेल्याचें दिसत नाहीं. शिवाय सूर्यामुळें ताप वाढता तर वरचे थर देखील तापले असते. प्रत्यक्षांत खालची हवा तापते आहे व वरची निवते आहे. वॉकर यांचा समुद्री हेलकावा म्हणावा, तर तो उष्णता या खिशांतून त्या खिशांत टाकतो, नवी आणीत नाहीं. आज मात्र हवेबरोबर सगळेच महासागर तापत आहेत. चक्रांचा अभ्यास जसजसा खोल गेला, तसतसा मनुष्याचा हात अधिक स्पष्ट दिसूं लागला. पूर्वपक्षाच्याच साक्षीदारांनीं उत्तरपक्षाची बाजू सिद्ध केली, ही या वादांतील खरी गंमत आहे. २०२१ सालच्या आंतरराष्ट्रीय अहवालाप्रमाणें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पृथ्वी सुमारें १·१ अंश तापली, आणि ही जवळजवळ सगळी वाढ मनुष्याच्या खात्यावर पडते.

याचा अर्थ प्रत्येक पूर कोळशाच्या माथीं मारावा असा नव्हे. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५५ फुटांच्या वर चढलें आणि हमरस्ता कित्येक दिवस बंद पडला. त्यांत पावसाची लहर होती, नदीच्या पात्रांतील व पूररेषेंतील बांधकामें होतीं, धरणांचा व्यवहार होता. तथापि पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामान संस्थेनें २०२० सालीं सिद्ध केलेल्या अहवालांत, १९०१ ते २०१८ या काळांत भारताची हवा सुमारें ०·७ अंशानें तापली, आणि १९५१ ते २०१५ या काळांत हिंदी महासागराचा पृष्ठभाग सुमारें एक अंशानें तापला, असें नमूद आहे. मध्य भारतांत अतिवृष्टीचे व्यापक प्रसंग १९५० पासून २०१५ पर्यंत सुमारें तिप्पट झाले. फांसा अजून निसर्गच टाकतो. पण फांशाची एक बाजू आपण जड करून ठेवली आहे.

असें असतां कागलांतला वाद मिटत कां नाहीं? मला वाटतें, तो मुळीं कारणाचा वाद नव्हेच. तो वांटणीचा वाद आहे. भट्टीचा मालक जेव्हां ‘हें सृष्टीचें चक्र’ असें म्हणतो, तेव्हां त्याच्या मनांत बहुधा असें असतें: ‘दीडशें वर्षें कोळसा दुसऱ्यांनीं जाळला, आमचा भारतीय माणूस आजहि जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी धूर करितो, मग बिल माझ्या दारीं कां?’ ही तक्रार न्याय्य आहे, आणि ती उघड मांडली पाहिजे. १ ऑक्टोबर २०२३ पासून युरोपानें बाहेरून येणाऱ्या लोखंड-पोलादाबरोबर कर्बाचा हिशेबहि मागण्यास आरंभ केला आहे. तेव्हां ती मांडण्याची वेळ आलेलीच आहे. परंतु वांटणी अन्यायाची आहे म्हणून कर्जच नाहीं असें म्हणणारा भाऊ पंचांपुढें हरतो. कर्ज कबूल करून हिस्सा भांडावा, यांतच शहाणपण आहे. कोकची भट्टी जाऊन विजेची आली तरी काम संपत नाहीं. आपल्या देशांत विजेचा मोठा हिस्सा अजून दगडी कोळशाचाच आहे. कोळसा सोडण्याचा खर्च कोणीं व किती सोसावा, हा खरा भांडणाचा विषय.

१८७७ सालीं सूर्याच्या डागांमागें राज्यकर्ते लपले, आणि त्याची किंमत दख्खनच्या रयतेनें मोजली. आज ‘सृष्टीचें चक्र’ या शब्दांमागें आपण लपूं, तर किंमत मोजणारा कोणी परका नसेल; तो पूररेषेंत ऊंस लावणारा आपलाच थोरला भाऊ असेल. संकट अस्मानी ठरलें कीं सारा माफ होत असे. सुलतानी ठरलें कीं गाऱ्हाणें घेऊन दरबारीं जावें लागे. आतांचें संकट आकाशांत दिसत असलें तरी सुलतानीच आहे. फरक इतकाच कीं, या वेळीं सुलतान अनेक आहेत, आणि त्यांतल्या एका धाकट्या सुलतानाची भट्टी कागलांत आहे.