माशी, खाच आणि मूठ

नळी लांब असली की गोळी दूर जाते, ही समजूत आपल्याकडे किल्ल्यावरच्या तोफांपासून चालत आली आहे आणि तोफांच्या बाबतीत ती बरीचशी खरीही आहे. मात्र 25 मीटरवरच्या कागदी निशाणावर नेम धरणाऱ्याला दूरच्या पल्ल्याचे काय काम? कागदाला भोक पडायला .22 बोअरच्या लहानशा काडतुसातली दारू पुरेशी होते. तरीही गेली शंभर वर्षे नेमबाजीसाठी अर्धस्वयंचलित पिस्तूल निवडणारा माणूस आधी नळीच्या लांबीकडे पाहत आला आहे. असे का झाले आणि या लांबीला अखेर कोणी लगाम घातला, हा प्रश्न मला काही काळ धरून बसला. त्याचे उत्तर शोधताना हाती लागलेला इतिहास बंदुकांचा कमी आणि माणसाच्या डोळ्याचा व हाताचा अधिक आहे.

प्रथम डोळ्याची बाजू पाहू. पिस्तुलाच्या पुढच्या टोकाला माशी असते, मागे खाच असते. खाचेच्या बरोबर मध्ये माशी दिसली म्हणजे नेम जुळला. या दोहोंमधले अंतर 220 मिलिमीटर आहे असे धरू. माशी खाचेत एक मिलिमीटरने बाजूला सरकली, तर 25 मीटरवर गोळी सुमारे साडेअकरा सेंटिमीटर भरकटते. हेच अंतर निम्मे, म्हणजे 110 मिलिमीटर केले, तर तेवढ्याच चुकीसाठी गोळी साडेबावीस सेंटिमीटरहून अधिक दूर जाते. संथ नेमबाजीच्या निशाणावरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे पाच सेंटिमीटर व्यासाचे असते. त्यात गोळी ठेवायची तर लांब पिस्तुलातही चुकीला मिलिमीटरच्या चौथ्या हिश्शाएवढीच मुभा मिळते. लांब नळीचे खरे काम हे आहे. ती गोळीपेक्षा डोळ्याची सेवा अधिक करते.

हे गणित कारखानदारांनी लवकर ओळखले. जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावरून कोल्ट कंपनीने 1915 मध्ये .22 बोअरचे अर्धस्वयंचलित पिस्तूल बाजारात आणले, तेव्हा त्याची नळी सुमारे साडेसहा इंचांची होती. 1927 पासून हेच पिस्तूल ‘वुड्समन’ या नावाने ओळखले जाऊ लागले. जर्मनीच्या वाल्थर कंपनीने खास स्पर्धांसाठी ‘ऑलिंपिया’ घडवले आणि 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जलद नेमबाजीची पहिली दोन पदके जर्मन नेमबाजांनी घेतली. महायुद्धानंतर अमेरिकेत विल्यम रुगर यांनी 1949 मध्ये अवघ्या साडेसदतीस डॉलरला पिस्तूल विकायला काढले आणि हा खेळ मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आणला. दोनच वर्षांनी त्याची सात इंचांना जेमतेम कमी नळीची, खास निशाणासाठीची आवृत्ती निघाली. 1957 मध्ये स्मिथ अँड वेसनचे ‘मॉडेल 41’ आले, तेव्हा त्याची नळी 7⅜ इंच होती. नळी वाढतच चालली होती.

पण त्याच ‘मॉडेल 41’ ला पुढे साडेपाच इंचांची जाड, जड नळीही मिळाली. हा बदल मला बोलका वाटतो. लांब नळीचा फायदा डोळ्याला होतो, तिची किंमत मात्र हाताला मोजावी लागते. नेमबाज एका हाताने, कोपर न वाकवता पिस्तूल धरतो. पुढे गेलेले वजन गोळी सुटल्यावर तोंड फार उसळू देत नाही, हा त्याचा गुण. पण तेच वजन खांद्याला थकवते. जलद नेमबाजीत शेजारी शेजारी लावलेल्या पाच निशाणांवर पाच गोळ्या झाडायच्या असतात, आधी आठ सेकंदांत, मग सहा, मग चार. एका निशाणावरून दुसऱ्यावर हात नेताना लांब नळी जागची हलायला आणि हललेली थांबायला, दोन्हींना वेळ घेते. शिवाय गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाचा सुमारे हजारावा भाग लागतो. तेवढ्या वेळात हात हलला तर त्याचा परिणाम गोळीवर होतो, आणि नळी लांब असेल तर हा काळ थोडा वाढतो.

म्हणजे डोळा लांब मागतो आणि हात आखूड. या भांडणात हाताची बाजू ज्याने सर्वांत चांगली समजून घेतली, तो आराखडाकार आंधळा होता, हे या इतिहासातले विलक्षण सत्य आहे. सोव्हिएत संघाचे मिखाईल मार्गोलिन यांची दृष्टी तरुणपणी, 1924 मध्ये डोक्याला गोळी लागून गेली. तरी त्यांनी शस्त्रे घडवण्याचा ध्यास सोडला नाही. सुटे भाग बोटांनी चाचपून आणि मऊ पदार्थाचे नमुने घडवून ते काम करत. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पिस्तुलात मागची खाच एका स्थिर कमानीवर बसवलेली आहे. दर गोळीला मागे-पुढे होणारा भाग त्या कमानीखालून सरकतो आणि खाच जागची हलत नाही. स्वतः माशी पाहू न शकणाऱ्या माणसाने दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठी माशी आणि खाच यांचे नाते इतके पक्के करून ठेवले.

सोव्हिएत आराखडाकार याहून पुढे गेले. नळी हाताच्या वर असते, म्हणून गोळी सुटताना पिस्तूल वर उसळते. मग नळीच खाली, थेट मुठीच्या रेषेत आणली तर? अशा ‘उलट्या’ पिस्तुलाने 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत नेमबाज येवगेनी चेर्कासोव्ह यांनी रौप्यपदक मिळवले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियमांनी ही वाट बंद केली. आज नळीचा अक्ष अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्याच्या वरूनच जायला हवा. नळीची लांबी 153 मिलिमीटरपेक्षा आणि माशी-खाचेतले अंतर 220 मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. वजन 1400 ग्रॅमच्या आत असावे लागते, आणि चाप किमान एक किलोचा ताण घेणारा हवा. स्पर्धेआधी पिस्तूल 300 × 150 × 50 मिलिमीटरच्या पेटीत घालून पाहतात. पेटीत मावले नाही, तर ते कितीही नामांकित कारखान्याचे असो, त्याचा उपयोग नाही.

या पेटीने लांबीची शर्यत संपवली. वरच्या पातळीवरच्या सगळ्या पिस्तुलांची नळी आता जवळपास सारखीच असते. म्हणून निवड करणाऱ्याला वेगळे प्रश्न विचारावे लागतात. मूठ तळव्यात कशी बसते? चाप कुठे सुटणार हे बोटाला आधी कळते का? वजन तर्जनीच्या किती पुढे आहे? वाल्थरच्या ‘जीएसपी’ने काडतुसांचे मॅगझिन मुठीतून काढून चापाच्या पुढे नेले, त्यामागे हाच विचार दिसतो. मूठ मोकळी झाली की ती हाताच्या मापाने, हव्या त्या कोनात घडवता येते.

हाताचे महत्त्व कारोली टाकाच यांच्याइतके कोणी सिद्ध केले नसेल. हंगेरीच्या सैन्यातला हा नेमबाज 1936 च्या ऑलिंपिकला मुकला, कारण तो हवालदाराच्या दर्जाचा होता आणि संघात केवळ अधिकाऱ्यांनाच जागा होती. 1938 मध्ये सरावात सदोष हातबॉम्ब फुटला आणि त्याचा नेमबाजीचा उजवा हात कायमचा जायबंदी झाला. रुग्णालयातून बाहेर पडल्यावर त्याने कोणाला न सांगता डाव्या हाताने सराव सुरू केला आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. 1940 आणि 1944 ची ऑलिंपिके युद्धाने गिळली. 1948 मध्ये लंडनला, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्याने 580 गुणांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक घेतले आणि 1952 मध्ये हेलसिंकीला पुन्हा घेतले. डोळा तोच होता, माशी-खाचेचे गणितही तेच. नवा होता तो फक्त हात, आणि त्याला शिकवायला लागलेली वर्षे.

आपल्याकडे या शाखेचे नाव कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी मोठे केले. 2013 मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात आणि 2018 मध्ये जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी 25 मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यांच्याकडे पाहून कोल्हापूर-पुण्याकडची अनेक मुले-मुली या खेळाकडे वळली असतील. बहुतेकांची सुरुवात क्लबच्या पिस्तुलावर होते, आणि स्वतःचे पिस्तूल घ्यायची वेळ येते तेव्हा परवाना, आयात आणि घरातली बरीचशी पुंजी एकाच वेळी पणाला लागते. तेव्हा नळीच्या लांबीवर भाळणे परवडत नाही.

या इतिहासातून अशा घरांसाठी मला एकच क्रम सुचवावासा वाटतो. आधी मूठ बघावी, मग चाप, मग तोल. लांबी सर्वांत शेवटी, कारण तिचा निवाडा नियमांच्या पेटीने केव्हाच करून ठेवला आहे. पिस्तूल हातात घेऊन डोळे मिटावेत, हात निशाणाच्या दिशेने उचलावा आणि मग डोळे उघडावेत. माशी आपोआप खाचेत दिसली, तर ते पिस्तूल त्या हाताचे. अनुभवी नेमबाजांची ही जुनी परीक्षा आहे. तिच्यात निर्णय घेईपर्यंत डोळा मिटलेलाच असतो, आणि मार्गोलिनचे सगळे काम तर मिटल्या डोळ्यांनीच झाले होते.