चिन्ह कोणाचें, साक्ष कोणाची?

दुकानांत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकास कारखाना दिसत नाहीं. दिसतें तें डब्यावरील चिन्ह. त्या चिन्हाच्या भरंवशावरच तें पैसे मोजतें.

इंग्लंडांतील शेफील्ड शहराची चाकू-कात्र्यांबद्दल मोठी ख्याति होती. एकोणिसाव्या शतकांत जर्मनींतील कांहीं कारखानदार आपल्या हलक्या मालावर शेफील्डचें नांव ठोकून तो खपवूं लागले. तेव्हां १८८७ सालीं पार्लमेंटानें कायदा करून मालाचें मूळस्थान खोटें सांगण्यास बंदी घातली, आणि १८८९ सालीं हिंदुस्थानांतहि त्याच धर्तीचा कायदा झाला. गंमत अशी कीं, जर्मन मालास हिणविण्यासाठीं जो शिक्का त्यावर आला, तोच पुढें उत्तम मालाची खूण मानला जाऊं लागला!

चाकू कोठें घडला, हें शोधून काढतां येतें. परंतु अमुक साबणानें नदी नासत नाहीं, हें गृहिणीनें कसें पारखावें? माझ्या स्वतःच्या घरांतील डबे-बाटल्या मीं एकदां तपासल्या. हिरवीं पानें पुष्कळ आढळलीं. तीं कोणीं दिलीं, हें मात्र एकावरहि लिहिलेलें नव्हतें.

या प्रश्नाचें मर्म अमेरिकेंतील एका प्रकरणांत चांगलें उघड झालें. एस्. सी. जॉन्सन या कंपनीनें २००१ सालीं आपल्या मालांतील घटकद्रव्यांची प्रतवारी करण्याची एक पद्धति स्वतःपुरती सुरू केली व तिला ‘ग्रीनलिस्ट’ असें नांव दिलें. पद्धति वाईट होती असें नव्हे. पण तेंच नांव शिक्क्यासारखें ‘विंडेक्स’ या कांच पुसण्याच्या द्रवाच्या बाटलीवर आलें. हा शिक्का कोणा तटस्थ संस्थेचा असावा असा गिऱ्हाइकांचा समज होतो, अशी तक्रार करून फिर्यादी झाल्या. २०११ सालीं तडजोड झाली आणि कंपनीनें त्या बाटलीवरील तो शिक्का काढण्याचें मान्य केलें.

येथें कायद्यांतील एक भेद ध्यानांत घ्यावयास हवा. साधें व्यापारचिन्ह ‘हा माल माझा’ एवढेंच सांगतें; प्रमाणनचिन्ह सांगतें कीं, ‘हा माल पारखलेला आहे.’ म्हणूनच आपल्या १९९९ च्या कायद्यांत, जो स्वतः त्या मालाचा व्यापार करतो त्याच्या नांवें प्रमाणनचिन्हाची नोंद होत नाहीं. वादीनेंच साक्षीदार व्हावयाचें नाहीं, असाच त्याचा अर्थ. हा भेद वकिलास कळतो. घाईंत बाटली उचलणारास कळत नाहीं, आणि सारी लबाडी नेमकी त्या घाईवर जगते. तींत खरोखर खर्च करून निर्मळ माल काढणारा कारखानदारहि बुडतो, कारण त्याचें पान आणि लबाडाचें पान दिसावयास सारखेंच.

भारत सरकारनें १९९१ सालीं ‘इकोमार्क’ काढला. त्याची खूण मातीचें मडकें. मातीचें, थोड्या ऊर्जेंत घडणारें, मातींतच मिळणारें. निवड मोठी मार्मिक होती. परंतु फारच थोड्या कारखानदारांनीं तें मडकें मागितलें. स्वतःचें पान फुकट काढतां येत असतां परीक्षेस कोण बसणार? २०२४ च्या सप्टेंबरांत त्याचे नवे नियम आले. ऑक्टोबरांत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें पर्यावरणाविषयीं दावा करणारास पुरावा देण्याचें बंधन घातलें. मडकें आतां पुन्हा बाजारांत मांडलें आहे.